एकांत म्हणजे पळ काढणं नव्हे

आपल्याकडे एखादा मुलगा चार दिवस गप्प राहिला, की घरचे विचारतात, "नोकरीत काही बिनसलं का?" मुलगी असेल तर प्रश्न आणखी बोचरे होतात. एकटं बसणं म्हणजे काहीतरी बिघडलंय, असं आपण धरूनच चालतो. मला वाटतं, खरी अडचण वेगळी आहे. आपल्या तरुणांच्या वाट्याला एकटेपणा भरपूर येतो, एकांत मात्र मिळत नाही.

मी आयटीत काम करतो. या क्षेत्रात लहान गावांतून आलेली कितीतरी मुलं पुण्यात खोली घेऊन राहतात. खोलीत ती एकटी असतात, पण हातातल्या मोबाइलमध्ये अख्खा समाज असतो. देशात कुठे काही घडलं की ऑफिसातला सहकारी विचारतो, "तुमच्यात यावर काय म्हणतात?" रात्री घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चौकशी होते, "तू तिकडे बदलला तर नाहीस ना?" दोन्हीकडे खुलासे देण्यातच दिवस संपतो. 'मला स्वतःला काय वाटतं?' हे विचारायचं राहूनच जातं.

अशा वेळी मला इब्न खल्दून आठवतात. जन्म १३३२चा, ट्युनिसचा. ऐन तारुण्यात प्लेगने आईवडील नेले. पुढे फेझ, ग्रॅनडा, बिजाया इथल्या दरबारांत त्यांनी मानमरातब पाहिला, कारस्थानं पाहिली आणि तुरुंगही पाहिला. १३७५मध्ये हे सगळं सोडून ते आजच्या अल्जीरियातल्या कलअत इब्न सलामा या गढीत कुटुंबासह राहायला गेले. तिथे जवळपास चार वर्षं राहिले आणि १३७७मध्ये अवघ्या पाच महिन्यांत त्यांनी 'मुकद्दिमा' लिहून काढला.

यातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. माणसांच्या गर्दीपासून दूर बसून त्यांनी लिहिलं ते माणसांच्या एकीबद्दल. माणसं एकमेकांना कशी धरून राहतात, त्या बळावर राज्यं कशी उभी राहतात आणि ते बळ ओसरलं की कशी कोसळतात, हे त्यांनी 'असबिया' या कल्पनेतून मांडलं. दरबारात रोजच्या डावपेचांत अडकलेल्या माणसाला हे दिसलं नसतं. दुसरी गोष्ट, ते गढीत कायमचे राहिले नाहीत. पुढच्या लिखाणासाठी ग्रंथ हवे होते म्हणून ट्युनिसला परतले. नंतर कैरोत त्यांनी शिकवलं, काझी म्हणून न्यायदानही केलं.

म्हणजे एकांत हा समाजाशी काडीमोड नसतो. आपली जागा कोणती, हे ओळखून परत येण्यासाठी लागणारी ती उसंत असते. ती मिळाली नाही, तर अब्बूंनी ठरवलेली शाखा, मामूंनी सुचवलेली नोकरी आणि लोकांनी चिकटवलेली ओळख यांनाच आपण 'मी' समजू लागतो.

कुणी म्हणेल, दोन खोल्यांत सात माणसं राहतात, तिथे एकांत कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे, म्हणूनच तो एकट्यादुकट्यावर सोडून चालणार नाही. मोहल्ल्यात लग्नाचा हॉल बांधायला आपण वर्गणी काढतो. तशीच रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी एक अभ्यासिका का उभी करू नये? आणि तिथे मुलींनाही तितक्याच सहज बसता आलं पाहिजे. घरात तर पैसाही लागत नाही. मूल तासभर शांत बसलं असेल, तर त्याला "काय झालं?" असं न विचारणं एवढंच पुरेसं आहे.