दुखवट्याची दिवाळी

ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेले, त्या घरी दिवाळीला कढई चढत नाही. भावकी व शेजारी फराळाचे ताट पाठवितात. आमच्या लोकांची ही चाल फार चांगली आहे. रडत्या बाईला करंज्या तळायची सक्ती नको आणि पोरांची तोंडेही कोरडी राहू नयेत, असे शहाणपण तीत आहे. ती मोडा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचे भांडण दुसऱ्याच एका चालीशी आहे.

आमचे घर कर्वेनगरात, म्हणजे जुन्या हिंगणे बुद्रुकात. शेते जाऊन इमारती उठल्या, भावकी निरनिराळ्या मजल्यांवर पांगली. पण दिवाळीला सारे एके ठिकाणी जमतात. आमचे धाकटे बंधू सुतारकाम करीत. २०२१ च्या कोरोनाच्या साथीत ते वारले. त्या दिवाळीस शाळेला सुटी लागताच आम्ही घरी आलो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भावजय पणत्या लावावयास उठली, तोच आमची आई म्हणाली, "तू नको, बाई. सवाशिणीला लावू दे." भावजय तेलवात तशीच ठेवून आतल्या खोलीत गेली. तिच्या सात वर्षांच्या मुलीने विचारले, "आजी, आई आता आपल्या घरातली नाही का?" आजीला उत्तर सुचले नाही. आणि आम्ही? पोरांना रोज फळ्यावर सुविचार लिहून देणारे मास्तर, खाली मान घालून उभे राहिलो.

हे आम्ही आईची निंदा करण्यासाठी लिहीत नाही. वडील गेले तेव्हा तिलाही असेच कोपऱ्यात बसविले होते. जे तिने सोसले तेच तिने सुनेच्या पदरात घातले. दोष असलाच तर तो सारे समजून गप्प बसणाऱ्या आम्हा शिकलेल्यांचा.

बंधूंनो, विधवेच्या हाताने पेरलेले बी उगवते. तिच्या हातची भाकरी पचते. तिने मजुरीचे आणलेले पैसे घरात चालतात. मग तिच्या हातची पणतीच तेवढी अशुभ कशी? हा कोठला न्याय? आमच्या शेतकरी व कारागीर जातींपैकी कित्येकांत विधवेचा पाट लागत असे. पुढे चार पैसे हाती आले, तेव्हा वरच्या म्हणविणाऱ्यांसारखे दिसावे म्हणून पुष्कळ घराण्यांनी पाट बंद केला आणि त्यालाच अब्रू हे नाव दिले. उसनी आणलेली ही अब्रू आमच्याच लेकीबाळींच्या जिवावर उठली.

पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढून फसलेल्या विधवांना आसरा दिला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला व १९०० साली तो आमच्या हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत आणला. त्या संस्थेसाठी लोक भाऊबीज फंड देत आले, म्हणजे परक्या विधवेला बहीण मानून ओवाळणी घालीत आले. ज्या गावाला कर्व्यांचे नाव मिळाले, त्याच गावात सख्ख्या भावजयीला पणती लावू देऊ नये, यासारखी लाजेची गोष्ट कोणती?

२०२२ च्या ४ मे रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या चाली बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींनी तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. पण परिपत्रक उंबऱ्यापर्यंतच येते. उंबऱ्याच्या आत घरच्या माणसांनीच काय ते करावयाचे.

त्या वर्षीच्या दिवाळीत आम्ही पेटलेली काडी भावजयीच्या हाती दिली. आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिनेच आतून तेलाची बुधली आणून सुनेपुढे ठेवली. मग स्वतःही एक पणती लावली. वडील गेल्यापासून ती तिची पहिलीच पणती. बंधूंची जागा रिकामी होती ती रिकामीच राहिली. पणतीने गेलेले माणूस परत येत नाही; पण राहिलेले माणूस दूर लोटले जात नाही.

तेव्हा यंदा ज्यांच्या घरी दुखवटा आहे, त्यांच्याकडे फराळाचे ताट अवश्य न्या. पण ते दारातून देऊन परतू नका, घडीभर बसा. पाडव्याला बायका नवऱ्याला ओवाळतात, तो दिवस तिला सर्वांत जड जातो. त्या दिवशी तिला एकटी सोडू नका. भाऊबीजेला भावाने न चुकता जावे. आणि घरातील कर्त्या पुरुषाने आमच्यासारखे वर्षभर थांबू नये. पहिल्याच दिवाळीला पहिली पणती तिच्या हाती द्यावी.