ऑर्डर डॉक्टरांची, चित्र पेशंटचं!

'डॉक्टरांना वेटिंग रूमसाठी काहीतरी प्रसन्न हवंय. चार बाय तीन फूट. किती घ्याल?'

समजा, श्रीवर्धनच्या एखाद्या दवाखान्यातून असा मेसेज तुमच्या इन्स्टावर आलाय. तुम्ही काय काढाल? खरं सांगा, डोक्यात पहिला आला तो सूर्यास्तच ना? सोबत वाऱ्याने वाकलेला माड आणि एक होडी.

पण हा समुद्र नेमका कोणाचा? २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि रायगडचा किनारा मुंबईकरांच्या वीकेण्डच्या आणखी जवळ आला. कॅफे-रिसॉर्टच्या भिंतींवर दिसतो तो या पाहुण्यांचा समुद्र. दवाखान्याच्या बाकावर मात्र इथलीच माणसं असतात. मासळी विकून बीपी तपासायला आलेली मावशी. नारळ-सुपारीच्या वाडीवर घर चालवणारे आजोबा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या कित्येक वाड्या आडव्या झाल्या. नव्याने लावलेली सुपारी उत्पन्न द्यायला वर्षं घेते. त्या आजोबांना तुमचा वाकलेला माड प्रसन्न वाटेल?

कुणी म्हणेल, भिंतीवरच्या चित्राने असा काय फरक पडतो? पडू शकतो. अमेरिकी अभ्यासक रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरच्या ४६ पेशंटच्या नोंदी तपासून १९८४ मध्ये निष्कर्ष मांडले. खिडकीतून झाडं दिसणारे पेशंट विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. ही झाली खिडकीची गोष्ट. पुढे स्वीडनमधल्या उप्सालात त्यांनी सहकाऱ्यांसोबत हृदयशस्त्रक्रियेच्या १६० पेशंटवर चित्रांचा प्रयोग केला. झाडं-पाण्याचं मोकळं दृश्य समोर असलेल्यांची चिंता कमी होती. सरळ रेषांचं अमूर्त चित्र पाहणाऱ्यांची मात्र चित्रच नसलेल्यांपेक्षा जास्त! म्हणजे कुठलंही चित्र टांगलं की काम झालं, असं नाही.

अर्थात उप्सालाचं उत्तर श्रीवर्धनला जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. त्यामुळे रंग उघडण्याआधी डॉक्टरांची परवानगी घ्या आणि तासभर त्या बाकावर बसा. पेशंटचे फोटो काढू नका, फक्त बघा, जमलं तर बोला. कदाचित तुम्हाला पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर शाकारलेल्या रंगीत होड्या सुचतील, मासळी घेऊन सुखरूप परतलेली बोट सुचेल, नाहीतर नव्याने लावलेली वाडी. दोन कच्ची स्केचेस करा आणि डॉक्टरांइतकीच कंपाउंडरलाही दाखवा. ते चित्र रोज त्यांनाच बघायचंय.

मग व्यवहार. खाऱ्या, दमट हवेत कॅनव्हासला बुरशी धरते, म्हणून ओलसर भिंत टाळा आणि फ्रेममागे हवा खेळती ठेवा. काच लावली तर तिच्यात ट्यूबलाइटच दिसेल. ॲक्रिलिकवर मॅट व्हार्निश दिलं की धूळ पुसणंही सोपं. ॲडव्हान्स घ्या आणि अटी लिहून घ्या, कारण एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर ऑर्डर देणाऱ्याकडे जातो. उद्या तेच चित्र दवाखान्याच्या कॅलेंडरवर छापलं, तर वेगळे पैसे मागायला जागा उरत नाही. चित्रकार म्हणून तुमचं नाव सांगण्याचा हक्क मात्र कलम ५७ मुळे तुमच्याकडेच राहतो.

एआयला सांगितलं तर सूर्यास्त मिनिटभरात मिळतो, प्रिंटही स्वस्तात होते. त्याच्याशी वेगात आणि भावात तुम्ही जिंकणार नाही. पण तो त्या बाकावर बसलेला नसतो. तुम्ही बसू शकता. तेव्हा पुढचा 'प्रसन्न'चा मेसेज आला, की रेट सांगण्याआधी एक प्रश्न विचारा: डॉक्टर, तुमच्याकडे पेशंट कोण कोण येतात?