लॉकरच्या खोलीत मद्यालय

मुलाच्या आग्रहाखातर लंडनच्या 'द नेड' हॉटेलात एक रात्र राहिलो. हे एकेकाळचे मिडलंड बँकेचे मुख्यालय. नवी दिल्ली आखणाऱ्या लट्येन्सची इमारत. 'नेड' हे त्याचेच घरगुती नाव. १९९२ मध्ये मिडलंड एचएसबीसीने घेतली; २०१७ मध्ये इथे हॉटेल उघडले. अक्रोडी लाकडाची काउंटरे जागेवर आहेत, आडोशाला उपाहारगृहे. तळघरातल्या तिजोरीत तीन हजारांवर लॉकर, आणि त्यांच्या मधोमध मद्यालय! वीस टनी दरवाजा सताड उघडा. किल्ल्या सांभाळण्यात नोकरी गेलेल्या माझा हात नकळत खिशाकडे गेला.

इमारत अव्वल श्रेणीचा वारसा, म्हणून काउंटर वाचले. त्यामागच्या व्यवहाराला असे संरक्षण कुठेच नसते. आपल्याकडे १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. मग जवळजवळच्या शाखाही एक होऊ लागल्या. हिशेब चोख आहे, मीही तसाच शेरा मारला असता. पण पेन्शनसाठी पायी येणाऱ्या आजींना आता रिक्षा करावी लागत असेल, तर ते भाडे कुठल्या खात्यात नावे टाकायचे?

"बाबा, काय घेणार?" मुलाने विचारले.

"आधी रजिस्टरवर सही घ्यायला सांग," मी म्हणालो.