अळीमिळी गुपचिळी

मंडळी, शनिवारी हापिसचा विषय काढायचा नाही असा आमच्या घरचा नियम आहे. पण हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, त्यामुळे आज नियम मोडतो.

पुढचं चित्र आयटीतल्या कुणालाही नवीन नाही. स्प्रिंट संपतो, रेट्रोस्पेक्टिव्ह नावाची मीटिंग लागते. मॅनेजर म्हणतो, "बोला, अगदी मोकळेपणाने बोला. कुणाला काही अडचण?" शांतता. कुणी लॅपटॉपमध्ये बघतं, कुणी पेनाचं टोपण उघड-बंद करतं. शेवटी एक जण "ऑल गुड" म्हणतो आणि सगळे सुटल्यासारखे उठतात. दहा मिनिटांनी हीच मंडळी खाली टपरीवर. तिथे मात्र सगळं बाहेर येतं - तारीख कशी अशक्य आहे, टेस्टिंगला वेळच ठेवलेला नाही, अमुक मॉड्यूल पुढच्या महिन्यात नक्की झोपणार. माझा तर ठाम समज आहे की प्रोजेक्टची खरी परिस्थिती मॅनेजरच्या आधी चहावाल्याला कळते.

ह्यावर नेहमीचं स्पष्टीकरण म्हणजे "आपले लोक बोलतच नाहीत हो, आपली संस्कृतीच तशी." मला हे बिलकुल पटत नाही. ह्याच लोकांना सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून दोन-दोन तास भांडताना मी पाहिलंय. गणपतीच्या वर्गणीचा हिशोब मागताना कुणाची जीभ अडखळत नाही. म्हणजे बोलता येतं. फक्त कुठे बोललं की काय किंमत मोजावी लागते, हे प्रत्येकाला अचूक माहीत असतं. लहानपणी अळीमिळी गुपचिळी खेळायचो ना, त्यात जो पहिला बोलेल तो हरला. बहुतेक टीममध्ये तोच खेळ चालू असतो.

एक उदाहरण सांगतो. मी आधी एका कंपनीत होतो (नाव नको). तिथे एक नवीन मुलगी आली, कॉलेजमधून नुकतीच पास झालेली. "मोकळेपणाने बोला" हे तिने खरं मानलं आणि भर मीटिंगमध्ये विचारलं, "जुना डेटा नवीन डेटाबेसमध्ये हलवायला किती तास लागणार हे कुणी मोजलंय का? माझ्या हिशोबाने एका रात्रीत होणार नाही." प्रश्न शंभर टक्के रास्त होता. मॅनेजर हसून म्हणाले, "गुड पॉइंट, आपण ऑफलाइन बोलू." ऑफलाइन कुणीच बोललं नाही. तीन महिन्यांनी तिच्या अप्रेझलमध्ये 'निगेटिव्ह अ‍ॅटिट्यूड' असा शेरा आला. तिने तो बाहेर येऊन दोघा-तिघांना सांगितला आणि दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं. त्यानंतर त्या टीममध्ये एकाही मीटिंगमध्ये एकही अडचण निघाली नाही. डेटा अर्थातच एका रात्रीत हलला नाही. सोमवारी सकाळी क्लायंटची सिस्टिम बंद होती आणि आम्ही सगळे चेहऱ्यावर आश्चर्य आणून बसलो होतो. ती मुलगी तोवर दुसरीकडे गेली होती.

त्या शेऱ्याने कंपनीचं किती नुकसान केलं ह्याचा हिशोब कुठल्याच एक्सेल शीटमध्ये सापडणार नाही.

ह्या विषयावर सगळ्यात मोलाचं काम एमी एडमंडसन ह्या अमेरिकन बाईंनी केलंय. नव्वदच्या दशकात त्या हॉस्पिटलमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. अपेक्षा अशी की ज्या वॉर्डात टीम चांगली, तिथे चुका कमी. आकडे निघाले उलटे! चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. मग लक्षात आलं की तिथे चुका जास्त *होत* नसाव्यात, जास्त *सांगितल्या* जात असाव्यात. बाकीच्या वॉर्डात त्या दडपल्या जात होत्या. १९९९ साली त्यांनी 'सायकॉलॉजिकल सेफ्टी' ह्या कल्पनेवर जो निबंध लिहिला, तो आज एच.आर.वाल्यांच्या प्रत्येक स्लाइडवर असतो. मूळ गोष्ट मात्र स्लाइडवर येत नाही - ज्या टीमच्या यादीत प्रॉब्लेम जास्त, ती टीम कदाचित जास्त निरोगी असते. आपल्याकडे सगळे हिरवे दिवे दाखवणाऱ्या टीमला बक्षीस मिळतं. मग दिवे हिरवेच राहणार, दुसरं काय होणार?

आपल्या धंद्यात ही कल्पना काही नवीन नाही म्हणा. २००१ साली अमेरिकेत स्नोबर्डला १७ जणांनी मिळून अ‍ॅजाइल मॅनिफेस्टो लिहिला. त्याच्या १२ तत्त्वांपैकी शेवटचं हेच आहे, की टीमने ठराविक काळाने थांबून आपल्या कामाच्या पद्धतीकडे बघावं आणि ती सुधारावी. त्याच वर्षी नॉर्म केर्थचं रेट्रोस्पेक्टिव्हवरचं पुस्तक आलं. त्यात मीटिंगच्या सुरुवातीला एक गोष्ट मान्य करायला सांगितलीय : त्या वेळी जे माहीत होतं, जे हाताशी होतं, त्यात प्रत्येकाने आपल्या परीने उत्तमच काम केलं असं धरून चाला. आम्ही अ‍ॅजाइलच्या नावाखाली रोजची स्टँड-अप उचलली, पिवळ्या चिठ्ठ्या उचलल्या, आणि हे बरोबर विसरलो.

पण नुसतं बोलून भागतं असंही नाही. १९८६ सालच्या चॅलेंजर यानाच्या अपघाताबद्दल लोकांना वाटतं की तिथे इंजिनियर गप्प बसले. नाही हो! उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारीला, रॉकेट बनवणाऱ्या थायोकोल कंपनीच्या इंजिनियरांनी फोनवरच्या बैठकीत सरळ सांगितलं होतं की इतक्या थंडीत रबराच्या ओ-रिंगचा भरवसा नाही, उडवू नका. त्यांच्यातल्या रॉजर बॉइजोलीने तर सहा महिने आधी लेखी इशारा दिला होता. बैठक मध्येच थांबवून कंपनीच्या वरिष्ठांनी आपापसात ठरवलं आणि 'उडवा' असं कळवलं. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत सगळं संपलं, सात माणसं गेली. म्हणजे बोलण्याची जागा होती, बोलणारेही होते. त्या बोलण्याने निर्णय बदलण्याची सोय नव्हती.

ह्या बाबतीत मला टोयोटाची पद्धत आवडते. तिथे असेंब्ली लाइनवरच्या कुणाही कामगाराला दोरी ओढून अडचण जाहीर करता येते. ओढली की टीम लीडर धावत येतो, आणि ठराविक वेळात मार्ग निघाला नाही तर लाइन खरोखर थांबते. 'तुमचा अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' वगैरे भानगड नाही. दोरीला काहीतरी बांधलेलं असतं, एवढंच.

आता मी एका छोट्या टीमचा लीड आहे, आठ जणांची. आमच्याकडे दर दुसऱ्या शुक्रवारी पाऊण तास बसतो. मोठं काही नाही. आधी पाच मिनिटं प्रत्येक जण गप्प बसून कागदावर लिहितो, मग सगळ्यात नवीन माणसापासून वाचायला सुरुवात. मी शेवटी. (लीड आधी बोलला की बाकीच्यांचं मत आपोआप त्याच्यासारखं होतं, कुठेही बघा.) अप्रेझल ज्यांच्या हातात आहे ते आमचे मॅनेजर ह्या बैठकीला येत नाहीत. त्यांनी हे हसत मान्य केलं ह्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. निघालेल्या मुद्द्यांपैकी एकच निवडायचा, पण तो पुढच्या बैठकीच्या आत संपवायचाच. दहा मुद्दे फळ्यावर लिहून एकही न सोडवणं म्हणजे लोकांना पुन्हा गप्प बसवण्याचा खात्रीचा उपाय.

आणि भाषा! ह्याबद्दल कुणीच बोलत नाही. टपरीवर जो "अरे, हे होणारच नाही" म्हणतो, तोच मीटिंगमध्ये इंग्रजीत "देअर मे बी सम चॅलेंजेस" म्हणतो. वाक्य बदललं की अर्थही पातळ होतो. आमच्याकडे एक इंदूरचा, एक केरळची, बाकी आम्ही नाशिक-सांगली-लातूरवाले. मी सांगून टाकलंय, हिंदी-मराठी-इंग्रजी काहीही चालेल, मध्ये अडलं तर शेजारचा सांगेल. पहिल्या दोन बैठका विचित्र गेल्या. तिसऱ्या बैठकीत लातूरच्या पोराने, जो वर्षभर फक्त "येस, डन" म्हणायचा, आमचं रात्रीचं डिप्लॉयमेंट कुठे-कुठे केवळ नशिबाने चालतं ते वीस मिनिटं शुद्ध लातुरीत समजावलं. ते तेव्हा निघालं नसतं तर एखाद्या रविवारी पहाटे तीनला निघालं असतं.

हल्ली एक नवीनच डोकेदुखी आली आहे. मीटिंग सुरू झाली की एक एआय बॉट आपोआप येऊन बसतो, प्रत्येकाचं वाक्य नावासकट उतरवतो आणि सारांश वरपर्यंत मेल करतो. सोय छान आहे, क्लायंट कॉलला मीही वापरतो. पण आपलं प्रत्येक वाक्य कायमचं नोंदलं जातंय हे माहीत असताना कोण काय बोलणार? आमच्या शुक्रवारच्या बैठकीतून मी तो काढून टाकला. आयटी सपोर्टवाल्यांनी "पॉलिसी आहे, सर" म्हणून दोनदा परत लावला, तेव्हा मॅनेजरांकडून लेखी परवानगी आणली. आता बैठकीची नोंद म्हणजे एक कागद, त्यावर निवडलेला एक मुद्दा, काम कोण करणार आणि तारीख. मुद्दा कुणी काढला ते आम्ही लिहीत नाही.