आकाश हलविता येत नाही

सूर्यास्तानंतर तासाभराने पेण-रोह्याच्या परिसरातील मोकळ्या माळावरून आकाश न्याहाळणाऱ्यास संथपणे सरकणारा एखादा प्रकाशबिंदू बहुधा दिसतोच. तो तारा नव्हे, मानवनिर्मित उपग्रह होय. त्याला स्वतःचे तेज नसते. जमिनीवर अंधार पडला, तरी काही शे किलोमीटर उंचीवर ऊन असते. ते त्याच्या सौरपट्ट्यांवरून व अँटेनांवरून परावर्तित होते. उपग्रह पृथ्वीच्या छायेत शिरला, की तो बिंदू भर आकाशात विझतो.

एके काळी हे दर्शन कौतुकाचे होते. परंतु २०१९ पासून स्टारलिंकच्या उपग्रहांचे थवे आकाशात जाऊ लागले आणि आज त्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे. नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. म्हणून उपग्रह सातव्या प्रतीहून मंद असावेत, एवढीच ज्योतिर्विदांची माफक मागणी आहे. प्रत्यक्षात २०२२ मध्ये सोडलेला ब्लूवॉकर-३ हा उपग्रह ६४ चौरस मीटरची अँटेना उघडताच आकाशातील ठळक ताऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसला. त्याच कंपनीचा २२३ चौरस मीटर अँटेनेचा उपग्रह डिसेंबर २०२५ मध्ये भारताच्याच एलव्हीएम-३ अग्निबाणाने श्रीहरिकोट्याहून नेला. तेव्हा हा दोष परक्यांचा म्हणून हात झटकता येणार नाहीत.

विज्ञान आणि सोय यांचा हा झगडा रायगड जिल्ह्याला नवा नाही. मुंबईच्या ट्रॅम विजेवर चालविण्याचे ठरले, तेव्हा कुलाबा वेधशाळेच्या भूचुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून ते काम अलिबागला हलविण्यात आले. तेथील नोंदी १९०४ पासून सुरू झाल्या. ट्रॅम धावली आणि शास्त्रही वाचले. आकाशाच्या बाबतीत ही वाट बंद आहे. पेंचच्या अरण्यात दिवे झाकून अंधार राखता आला. पण उपग्रहांपासून सुरक्षित असे अलिबाग पृथ्वीच्या पाठीवर कोठेच नाही.

डोंगरातील दुर्गम वाड्यांना दळणवळण हवे, याविषयी दुमत नाही. मात्र उपग्रहाचे वजन आणि कक्षा प्रक्षेपणापूर्वी ठरतात, तशी त्याच्या तेजाची मर्यादाही ठरली पाहिजे. भारताने प्रक्षेपणाची परवानगी देतानाच ही अट घालावी. आकाश हे सर्वांचे गायरान आहे; त्यावर कुंपण घालणाऱ्यास कोणी तरी जाब विचारलाच पाहिजे.