तुणतुणे वाजते, ते करणारा कुठे आहे?

जलशात शाहिराचे नाव गाजते. मागे तुणतुणे धरणाऱ्या झीलकऱ्याचेही नाव कधीतरी पत्रकावर येते. पण तुणतुणे ज्याने केले, त्याचे नाव कुठेच नसते. लाकडाचे पोकळ नळकांडे, खालच्या तोंडाला ताणून बसवलेले कातडे, बाजूला ठोकलेली काठी, कातड्यातून खुंटीपर्यंत नेलेली तार. दिसायला एवढेच. पण त्याला लाकडाची, कातड्याची आणि सुराची, तिन्हींची जाण लागते. सतार करणारा तो कारागीर आणि तुणतुणे करणारा तो कोण? ही उतरंड वाद्यांची नाही, जातीची आहे.

आता मिरजेकडे पाहा. फरीदसाहेब शिकलगार हत्यारांना धार लावणाऱ्या समाजातले. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचा धंदा बसला आणि ते तंतुवाद्यांकडे वळले. त्या घराण्यांना पुढे सतारमेकर हे नाव पडले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. याचा आम्हाला आनंदच आहे. पण 'परंपरा, परंपरा' म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे : शिकलगारांनी बापजाद्यांचा धंदा सोडला, म्हणून मिरज घडली.

आणि सरकार काय करते? १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनीच, पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यात १८ पारंपरिक, कौटुंबिक व्यवसाय आहेत. न्हावी, धोबी, चांभार, कुंभार आहेत. बाहुल्या-खेळणी करणारा आहे. वाद्य करणारा नाही! सुतार म्हणून अर्ज करा, असे कुणी सांगेल. म्हणजे पुन्हा जातीच्याच खान्यात बसा.

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले की जात म्हणजे नुसती श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे. म्हणून आम्ही यादीत एकोणिसावी जात घाला असे म्हणत नाही. आमची मागणी सरळ आहे. देगलूरसारख्या तालुक्यात आयटीआयमध्ये वाद्यनिर्मितीचा अभ्यासक्रम सुरू करा. तो कोणत्याही जातीच्या मुलामुलींना खुला ठेवा. शिकवायला आजचे कारागीर नेमा आणि त्यांना शिक्षकाचा पगार द्या. देगलूर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारा.

मित्रांनो, सुरुवात आपल्यापासूनही करू. येत्या भीमजयंतीच्या पत्रकावर गायकांच्या नावाखाली वाद्य करणाऱ्याचे नाव छापा. आणि त्याला वाद्याचे पैसे रोख द्या, उधारी नको.

जय भीम!