बिनखिशाचा किल्ट

स्कॉटलंडच्या हायलंड या डोंगराळ मुलखातील पुरुषांचा किल्ट हा पोशाख आज विवाहसमारंभांतून, पदवीदानाच्या सोहळ्यांतून आणि बॅगपाइप वाजविणाऱ्या पथकांतून जगभर दृष्टीस पडतो. परंतु त्याला खिसा नसतो ही गोष्ट तो प्रथमच परिधान करणाऱ्या गृहस्थाच्या ध्यानी बहुधा त्याचे हात नित्याच्या सवयीने कमरेच्या दोहो बाजूंस उतरतात आणि तेथे त्यांना शिरावयास जागाच सापडत नाही, तेव्हा येते. ही उणीव आहे असे मानून तिची भरपाई करण्याचा उद्योगही आता चांगलाच फोफावला आहे. अमेरिकेतील सिॲटल शहरी २००० सालाच्या सुमारास जाड सुती कापडाचे, प्रशस्त खिसे जोडलेले किल्ट विक्रीस आले, त्यांचे अनुकरण पुष्कळांनी केले, आणि आता टार्टन नावाच्या रंगीत चौकटींच्या लोकरी कापडाच्या किल्टातही चोरखिसा बसवून देणारे निघाले आहेत. सुती किल्टाबद्दल माझी तक्रार नाही. तो कामकरी माणसाचा सोयीचा कपडा आहे आणि त्याने आपल्या सोयीचा अभिमान बाळगावा. लोकरीच्या किल्टाला मात्र खिसा लावू नये, बदल करावयाचा तो माणसाने आपल्या अंगवळणात करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मताचे पहिले कारण वस्त्राच्या घडणीतच आहे. पूर्ण मापाच्या किल्टाला सुमारे आठ वार कापड लागते आणि त्यातील बहुतांश पाठीमागच्या चुण्यांत खर्ची पडते. पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर तेवढे असतात, जे चामड्याच्या पट्ट्यांनी आणि बकलांनी आवळले जातात. चुण्या कमरेपासून नितंबांपर्यंत शिवून पक्क्या केलेल्या असतात व तेथून खाली मोकळ्या सुटतात, आणि टार्टनच्या चौकटी घड्यांतूनही अखंड दिसाव्यात म्हणून शिंपी बहुधा एकेक चुणी मोजून घालतो. अशा वस्त्राच्या कुशीला चीर देऊन खिसा बसविला, आणि त्यात किल्ल्यांचा जुडगा व फोन कोंबला, की चुण्या फाकतात, पुढचा पदर एका अंगास ओढला जातो, आणि ज्या झोकासाठी एवढे कापड व एवढे श्रम वेचले तो झोकच नाहीसा होतो.

पूर्वीच्या हायलंडरांचे खिशावाचून अडत नव्हते, कारण त्यांची तजवीज निराळी होती. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जो मोठा किल्ट ते नेसत तो म्हणजे एक लांबरुंद अखंड वस्त्र. त्याचा खालचा भाग कमरपट्ट्याने आवळून वरचा भाग खांद्यावर घेतला जाई, आणि त्या वरच्या भागाच्या घोळात लहानसहान जिन्नस सहज सामावत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वरचा भाग छाटून लहान किल्ट रूढ झाला (त्याचे श्रेय रॉलिन्सन नामक इंग्रज लोखंड-कारखानदारास द्यावे की नाही, यावरून स्कॉटिश अभिमानी आजही हातघाईवर येतात), आणि कापडाबरोबर तो घोळही गेला. कमरेला पुढून लटकणारी कातड्याची पिशवी, जिला स्पोरन म्हणतात, ती तेवढी उरली आणि सारा भार तिच्यावर आला. पुढे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पक्षाने केलेल्या जॅकोबाइट बंडाचा मोड झाल्यावर १७४६ च्या कायद्याने या पोशाखावर सरकारी मनाई आली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद आणि दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी अशी शिक्षा होती, व राजाच्या फौजेतील शिपायांना तेवढी मुभा होती. १७८२ साली मनाई उठली, आणि १८२२ साली चौथा जॉर्ज राजा एडिंबरोस आला तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या पुढाकाराने सारे शहर टार्टनने नटले. खुद्द राजानेही किल्ट नेसला, परंतु त्याखाली अंगाच्या रंगाची तंग विजार चढवून आपली हौस आणि आपली अब्रू या दोहोंचा बंदोबस्त केला. एवढ्या उलथापालथीतून पोशाख गेला, तरी खिसा काही त्याला चिकटला नाही.

आता अंगवळणाकडे येऊ. विजारीला सरावलेला मनुष्य खुर्चीत अंग टाकून देतो. किल्ट नेसून तसे केले तर चुण्या चुरगळतात आणि उठल्यावर पाठीमागे त्यांचा बोळा झालेला सर्वांना दिसतो. म्हणून खुर्चीकडे पाठ करून उभे राहावे, हाताच्या मागील बाजूने चुण्या सारख्या करीत खाली न्याव्यात आणि पाठ ताठ ठेवून बसावे. हे करताना मागे वळून पाहावे लागेनासे झाले, म्हणजे वळण पडले असे समजावे. बसल्यावर पुढचा पदर मांड्यांच्या मध्ये उतरतो आणि स्पोरनच्या वजनाने तेथेच राहतो. एका पायाचा घोटा दुसऱ्याच्या गुडघ्यावर टाकण्याची जी ऐट आपल्याकडच्या व्यासपीठांवरही दिसते, तिला मात्र रजा द्यावी लागते. जमिनीवर पडलेली वस्तू कमरेत वाकून नव्हे, तर गुडघे मोडून उचलावी. मोटारीत आधी बसावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. नाचताना व मोटार हाकताना स्पोरन कुशीला सरकवून घेण्याचा रिवाज आहे, तो पाळावा. किल्ट विजारीपेक्षा पुष्कळ वर, जवळजवळ नाभीच्या पातळीवर बांधावयाचा असतो, म्हणजे त्याची किनार गुडघ्याच्या मध्याशी येते. आणि पोट सैल सोडून, खांदे पाडून उभे राहणाऱ्याची तो तत्काळ चहाडी करतो.

खरा अवघड प्रश्न हातांचा. आपण खिशात हात घालतो तो थंडीमुळे क्वचित आणि संकोचामुळे वारंवार, हे खिसा नाहीसा झाला की कळते. नवखे किल्टधारी पाहुणे छायाचित्रासाठी दोन्ही हात स्पोरनवर जोडून उभे राहतात, आणि फिर्याद ऐकून घेण्यासाठी कचेरीत ताटकळत असल्यासारखे दिसतात. जाणती मंडळी हात पाठीमागे बांधतात किंवा सरळ मोकळे सोडतात. हात मोकळे सोडून स्वस्थ उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि ती शिकविणारा पोशाख पुरुषांच्या वाट्यास आता फारसा येत नाही.

तीच गोष्ट बरोबर न्यावयाच्या ऐवजाची. स्पोरनमध्ये घराची किल्ली, दोन-चार नोटा आणि एखाददुसरे कार्ड सुखाने राहते. त्याहून अधिक भरले की तो फुगतो आणि चालताना मांड्यांवर आपटू लागतो. घरातून निघतानाच काय हवे याचा हिशेब करावा लागतो, तो विजारीच्या खिशांनी आपल्याला कधी करू दिला नाही. मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवून त्यावर तासन् तास बसणाऱ्यांना मांडीमागील शिरेचे दुखणे जडते, याची नोंद अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात १९७८ सालीच झाली होती. किल्टधाऱ्याला निदान हे दुखणे होणे नाही.

खिशाच्या कैवाऱ्यांचा युक्तिवाद असा की वस्त्र माणसासाठी आहे, माणूस वस्त्रासाठी नव्हे. तो मला सरसकट अमान्य नाही. परंतु पहिल्या महायुद्धात हायलंडच्या पलटणी किल्ट नेसूनच खंदकांत उतरल्या तेव्हा काय झाले ते पाहावे. टार्टन चिखलाने माखू नये आणि शत्रूच्या नजरेत भरू नये म्हणून त्यावर खाकी एप्रन बांधला जाई, आणि खिसा असे तो त्या एप्रनाला. ज्यांची निकड सर्वांत मोठी होती, त्यांनीही किल्टाला चीर दिली नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांना हा वाद नवलाचा वाटला असता. त्यांच्या धोतरालाही खिसा नव्हता. पैसे कनवटीला, पानसुपारी चंचीत, आणि बाकीचे कोटाच्या हवाली, अशी त्यांची वाटणी असे. एडिंबरो-ग्लासगोस शिकावयास गेलेल्या ज्या मराठी तरुणांना मित्राच्या लग्नासाठी भाड्याचा किल्ट घ्यावा लागेल, त्यांनीही तीच वाटणी करावी. आदल्या दिवशी तो नेसून जिना चढून-उतरून पाहावा, चार वेळा बसून उठावे; मोज्यात खोवावयाची छोटी सुरी मिळाली तर खुशाल खोवावी, कारण राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून स्कॉटलंडच्या १९९५ च्या कायद्याने तिला मुभा दिली आहे, मात्र विमानात ती हातातल्या सामानात ठेवू नये. फोनची चिंता करू नये. भाड्याच्या संचात जॅकेट येते, आणि जॅकेटाला खिसे असतात.